सहा दिवस न सुटलेला बोल्ट

आम्ही मालवणच्या किनाऱ्यावर मासे विकणाऱ्या अकरा जणी, एका बचत गटातल्या. रेडिओवर बोलायला बोलावलं तेव्हा घरच्यांना वाटलं, आम्ही बांगड्याच्या तिखल्याबद्दल सांगणार. तिरफळं कधी घालायची आणि किती, ते पुन्हा केव्हातरी. आज आम्ही आमच्या गाडीच्या मागच्या पाट्यांबद्दल बोलणार आहोत. ज्यांच्या गटाकडे टेम्पो, पिकअप, जीप, कसलीही जुनी गाडी आहे त्यांनी जरा चूल मंद करून ऐका.

आमची पिकअप आम्ही तीन वर्षांपूर्वी घेतली, तेव्हाच ती आठ वर्षांची होती. बँकेचं कर्ज काढून घेतली. पहाटे बंदरावर लिलाव झाला की मासळी बर्फात भरायची आणि उजाडता उजाडता कुडाळ किंवा कणकवलीचा बाजार गाठायचा. आधी आम्ही दुसऱ्याच्या टेम्पोला भाडं द्यायचो. टेम्पो उशिरा आला की मासळी मऊ पडायची आणि भाव आमचा पडायचा. म्हणून गाडी स्वतःची. चालवतेही आमच्यातलीच एक, चाळिशीत लायसन काढून.

या एप्रिलमध्ये मागून आवाज यायला लागला. आधी कुईं कुईं, मग गतिरोधकावर धाडकन. गाडी उभी असताना डावीकडे झुकलेली दिसायची. आम्ही म्हटलं, क्रेट डाव्या बाजूला जास्त लागले असतील. मेमध्ये एका सकाळी भरल्या गाडीने वळण घेताना मागची बाजू आपली आपणच सरकली. चालवणारीच्या शेजारी आमच्यातल्या दोघी होत्या. तिने गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं कोणी बोललंच नाही.

गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी खालून वाकून पाहिलं आणि सांगितलं, दोन्ही बाजूंचे पाटे, बुश, बोल्ट सगळं नवीन घालावं लागेल. सव्वीस हजार. वर म्हणाले, जुने बोल्ट सुटणार नाहीत, गॅसने कापावे लागतील, आणि एवढं करण्यापेक्षा ही भंगारात द्या. कर्जाचे चौदा हप्ते बाकी होते. गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे पासिंग दर वर्षी करावं लागतं, ते जुलैअखेर संपत होतं. १ ऑगस्टला मासेमारी उघडली की त्याच दिवशी गाडी हवी. गटाच्या सभेत चौघी म्हणाल्या, विकून टाकूया. त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. त्या वळणावर शेजारी बसलेल्या दोघी त्यांच्यातच होत्या.

आमच्या वाडीत एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले एक मिस्त्री काका आहेत. कंबर धरलेली असते, गाडीखाली जाता येत नाही. ते आले, काठीने पाटे ठोकून पाहिले आणि म्हणाले, पाटे ठीक वाटतात, बुश मेलेत. "तुम्ही खाली जावा, मी वरून सांगतंय." १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी असते, गाडी दारातच उभी राहणार होती. मग ठरलं, आधी उघडून बघायचं आणि मग विकायचं की नाही ते ठरवायचं. विकूया म्हणणाऱ्या चौघींनी अट घातली, की खाली जायच्या आधी सगळं नीट समजावून घ्यायचं. तेही बरोबरच होतं.

आम्हाला वाटायचं, पाटे म्हणजे गाडीला हिसके बसू नयेत म्हणून असतात. ते तर आहेच. पण पाटे आणखी एक काम करतात. मागची दोन चाकं ज्या एक्सेलवर असतात, तो एक्सेल गाडीखाली जागच्या जागी धरून ठेवायचं काम पाट्यांचं. पाट्याचं पुढचं टोक चेसिसच्या ब्रॅकेटमध्ये एका बोल्टवर पक्कं असतं. मागचं टोक दोन पट्ट्यांवर लोंबकळतं, त्याला शॅकल म्हणतात. लोंबकळतं ठेवायचं कारण असं. बांबूची वाकवलेली कांब जमिनीवर टेकवून वरून दाबा, ती सपाट होते आणि तिची टोकं लांब जातात. पाट्याचंही वजन पडल्यावर तसंच होतं. त्या लांबीला जागा हवी, ती शॅकल देतं.

दोन्ही टोकांना बोल्टभोवती बुश असतो. आमच्या गाडीचा पुढचा बुश असा: बाहेर लोखंडी नळी, तिच्या आत रबर आणि रबराच्या आत आणखी एक बारीक लोखंडी नळी. तिच्यातून बोल्ट जातो. हे रबर फाटलं की पाट्याचं टोक ब्रॅकेटमध्ये खेळायला लागतं. एका बाजूचं टोक मागे-पुढे सरकलं की एक्सेल तिरका होतो आणि गाडी मागूनच वळायला लागते. त्या सकाळी वळणावर झालं ते हेच. स्टिअरिंग पुढे, पण गाडी वळवत होतं मागचं चाक.

आणि डावीच बाजू का खराब झाली, तेही खाली गेल्यावर कळलं. हौद्यातलं बर्फाचं पाणी निघायला भोक होतं ते डाव्या कोपऱ्यात, बरोबर पाट्याच्या वर. तीन वर्षं रोज खारं पाणी थेंब थेंब त्या बोल्टावर पडत होतं. आमच्याच मासळीचं पाणी! समुद्राकाठच्या घरांच्या स्लॅबचं प्लास्टर का पडतं, ते आपल्याला माहीत आहे. आतली सळी गंजते, फुगते आणि सिमेंट ढकलून बाहेर काढते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. बोल्ट आणि नळी यांच्यामध्ये केसभर फट असते, ती गंजाने भरली की दोन्ही एकच होऊन जातात.

आता खाली जायच्या आधीचं सांगतो, कारण यात चुकलं तर बाकीचं ऐकून उपयोग नाही. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो. मागची बाजू उचलली की त्या ब्रेकचा काही उपयोग उरत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडाचे ठोकळे लावायचे. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर खाली कोणी जायचं नाही. उचलल्यावर चेसिसखाली लोखंडी घोड्या लावायच्या. आम्ही त्या भाड्याने आणल्या. आपल्याकडे हाताशी चिरे असतात, पटकन चिरा ठेवावासा वाटतो. चिरा ठेवू नका, सिमेंटचा ब्लॉकही नको. ते वाकत नाहीत, एकदम फुटतात. घोडीखाली फळी, कारण पावसात जमीन मऊ झालेली असते. आणि सोडवलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवून ठेवायचं. सगळं फसलं तरी तेवढी उंची शिल्लक राहते. जॅक मग एक्सेलखाली घ्यायचा, म्हणजे एक्सेल हवा तेवढा वर-खाली करता येतो आणि तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत नाही.

साडी नेसून खाली जाता येत नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. नवऱ्यांचे जुने शर्ट-पँट घातले. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र शर्टच्या आत. डोळ्यांना चष्मा हवाच, उताणं पडून वर बघताना गंजाचे पापुद्रे थेट डोळ्यांत पडतात. वाडीतली पोरं बघायला जमली. दोन दिवस हसली आणि तिसऱ्या दिवशी पाने आणून द्यायला लागली.

शॅकलचे बोल्ट तासाभरात निघाले. यू-बोल्ट, म्हणजे एक्सेलला पाट्याशी आवळून धरणारे वाकवलेले बोल्ट, ते सरळ कापलेच. ते एकदा काढले की परत वापरायचे नसतात, आवळताना ताणले गेलेले असतात. राहिला पुढचा एक बोल्ट. डावीकडचा.

पहिल्या दिवशी तारेच्या ब्रशने घासला, गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी रिंग पान्याच्या दांड्यात चार फुटी पाइप घालून दोघींनी जोर लावला आणि नट कडकडून सुटला. आम्ही एवढ्या ओरडलो की शेजारच्या आजी काय झालं म्हणून धावत आल्या. नट निघाला म्हणजे काम झालं असं वाटलं. बोल्टाचं डोकं पान्यात धरून फिरवलं तर फिरतही होतं. पान्यावरचा हात काढला की मात्र परत जागेवर! पुन्हा फिरवलं, पुन्हा मागे. काका खुर्चीवर बसून हसायला लागले. "बोल्ट खय फिरता? रबर पिळवटता."

बोल्ट नटमध्ये अडकलेलाच नव्हता. तो अडकला होता आतल्या नळीत. आपण बोल्ट फिरवला की नळी त्याच्याबरोबर फिरते, तिच्याभोवतीचं रबर पिळलं जातं आणि सोडलं की सगळं परत येतं. शंभर वेळा फिरवा, काही सुटत नाही.

तिसरा, चौथा आणि पाचवा दिवस सकाळ-संध्याकाळ स्प्रे आणि हातोडा. नट परत टोकापर्यंत लावायचा, म्हणजे मार नटवर बसतो आणि आटे चेपत नाहीत. ही युक्ती आम्ही उशिरा ऐकली, तोवर पहिले दोन आटे गेले होते. एकीचा अंगठा सुजला. एकीला गॅसने तापवायचा मोह झाला. तापवण्याची युक्ती काही खोटी नाही. स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले की आपण आतल्यात गार पाणी घालतो आणि बाहेरचा गरम पाण्यात धरतो. बाहेरचा फुगतो, आतला आकसतो, सुटतात. नटचंही तसंच. पण इथे मध्ये रबर होतं, ते पेटतं आणि त्याचा धूर वाईट. शिवाय आमच्या गाडीची डिझेलची टाकी त्याच बाजूला हातभर अंतरावर. काकांनी काठी आपटून नाही म्हटलं. आम्हाला गॅरेजमधलं 'गॅसने कापू' आठवलं आणि अंगावर काटा आला.

सहाव्या दिवशी काका म्हणाले, आता हा बोल्ट वाचवायचा नाही. हे ऐकायला आम्हाला सहा दिवस का लागले असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारलं. ते म्हणाले, तो आपणहून निघाला असता तर ब्रॅकेटला ब्लेड लागायची भीती नव्हती. म्हणून आधी वेळ द्यायचा आणि मगच कापायचा. ब्रॅकेट आणि बुश यांच्यामध्ये करवतीचं नुसतं पातं जाईल एवढीच जागा होती. पात्याच्या एका टोकाला चिंधी गुंडाळली, तीच मूठ. आतल्या नळीसकट बोल्ट कापायचा, दोन्ही बाजूंनी. एकीने वीस-वीस घाव घालायचे आणि बाहेर यायचं, मग दुसरी. एका बाजूला दोन तास लागले. सात पाती संपली. दुसरी बाजू तुटली तेव्हा पाटा टोकाशी एवढासा खाली बसला, आवाजसुद्धा झाला नाही.

उजवीकडचा बोल्ट त्याच दिवशी दुपारी अर्ध्या तासात निघाला. त्याच्यावर खारं पाणी पडतच नव्हतं ना! तरी बुश दोन्ही बाजूंचे बदलले. एका बाजूला नवं रबर आणि दुसरीकडे जुनं, तर गाडी पुन्हा वाकडीच चालते.

जुना बुश पाट्याच्या गोल टोकातून काढायला लांब आटेवाला रॉड, एका बाजूला बुशपेक्षा मोठ्या तोंडाचा पाइपचा तुकडा, दुसऱ्या बाजूला बुशपेक्षा जरा लहान जाड वायसर आणि दोन नट. नट आवळत गेलं की बुश पाइपमध्ये सरकत येतो. नवा बुश याच रॉडने उलटीकडून आत ओढायचा. घण लागत नाही. शॅकलचे बुश नुसत्या रबराचे होते, ते काही केल्या बसेनात. ग्रीस किंवा डिझेल लावलं तर रबर फुगतं आणि लवकर खराब होतं. काकांनी विचारलं, कासार बांगड्या भरताना काय करतो? साबणाचं पाणी लावलं आणि बुश सरकले. हे मात्र आम्हाला आधी सुचायला हवं होतं.

पाटे साफ केल्यावर डावीकडचा एक पाटा मधल्या भोकाजवळ चिरलेला निघाला. तेवढा एक बदलून आणला.

नवे बोल्ट घेताना दुकानात एक गोष्ट बघा. बोल्टाच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो, ८.८ किंवा १०.९ असा. तो त्याची ताकद सांगतो, मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद. आमच्या जुन्या बोल्टावर ८.८ होतं, म्हणून तेच घेतलं. दुकानदार आकडा नसलेला, चकचकीत आणि निम्म्या किमतीचा बोल्ट पुढे करत होता. दरवाजाच्या कडीला तो चालेल. बोल्टाच्या मधल्या दांड्याला, जिथे तो नळीत बसतो तिथे, ग्रीसचा पातळ हात मारला. रबराला लागू दिलं नाही. यू-बोल्टचे चार नट तिरपे तिरपे आवळले, थोडा हा, थोडा समोरचा, म्हणजे पट्टी वाकडी बसत नाही. किती आवळायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं. डेपोतल्या एका ओळखीच्याकडून माप दाखवणारा पाना दिवसभरासाठी आणला. दोनशे किलोमीटर झाल्यावर तेच नट पुन्हा तपासले, तर दोन थोडे सैल झालेले होते.

खर्च सांगतो. बुश, बोल्ट, यू-बोल्ट, एक पाटा, पाती, स्प्रे, घोड्यांचं भाडं, सगळं मिळून सहा हजार चारशे. काकांनी पैसे घेतले नाहीत, बंदी उठल्यावर सुरमई द्या म्हणाले. पासिंग झालं. १ ऑगस्टला गाडी बंदरावर होती. विकूया म्हणणाऱ्या चौघींपैकी एक त्या दिवशी मुद्दाम पुढच्या सीटवर बसली. त्याच वळणावर तिने दोन्ही हातांनी सीट धरली होती, पण काही झालं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर आम्ही फुशारकी मारून मोकळ्या झालो असतो. गणपतीच्या आधी पुन्हा कुईं. आम्ही एकमेकींची तोंडं बघितली. काकांनी खाली वाकायला लावलं, बॅटरी मारायला लावली. पुढचे दोन्ही नवे बुश आतून फाटायला लागले होते.

चूक आमचीच होती. शेवटचे बोल्ट आवळले त्या दिवशी काका मुलीकडे गेले होते आणि आम्हाला घाई झाली होती. गाडी घोड्यांवर असताना, चाकं हवेत लोंबकळत असताना, आम्ही पुढचे बोल्ट पक्के आवळून टाकले. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये चिमटली जाते, मग ती फिरत नाही. पाटा तेव्हा खाली झुकलेला होता. गाडी जमिनीवर आली, पाटा सपाट झाला आणि रबर कायमचं पिळलेलं राहिलं. रिकाम्या गाडीतसुद्धा पिळलेलं. भरल्यावर आणखी. फाटणारच. बोल्ट नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा ढकलून हलवायची आणि मगच शेवटचं आवळायचं. काकांनी हे आम्हाला सांगितलं होतं का यावर आमच्यात अजून वाद आहे. ते म्हणतात सांगितलं होतं.

गणपतीच्या दिवसांत मासळीला गिऱ्हाईक नसतं, त्या सुट्टीत पुन्हा गाडी वर घेतली. सकाळी नऊला. डावीकडचा नट सैल केला, काढला आणि ज्या जागी सहा दिवस आणि सात पाती घालवली होती तिथला नवा बोल्ट मागून बोटाने ढकलला. तो सरकत बाहेर आला आणि एकीच्या पोटावर पडला. जेवायच्या आधी दोन्ही बुश बसले. या वेळी गाडी खाली उतरवून, वर चौघींना हौद्यात बसवून आवळले.

आता हौद्यातल्या भोकाला प्लास्टिकचा पाइप लावलाय, बर्फाचं पाणी मागच्या बाजूने रस्त्याच्या कडेला पडतं. बाजारातून परत आल्यावर गोड्या पाण्याच्या दोन बादल्या खालून मारतो, कितीही दमलो असलो तरी. ज्यांच्या गावात चिंचोळ्या रस्त्यांवर भरल्या गाड्या चालतात त्यांनी उद्या एकदा गाडीच्या मागे उभं राहून बघा, ती एका बाजूला झुकलीय का. झुकली असेल तर क्रेटना दोष देऊ नका.

आता भरती उतरायला लागली असेल, आम्हाला बंदरावर जायला हवं. नमस्कार.